मंद लहरींचा नियम

तापात किंवा एखादे औषध बाधल्यावर माणूस ‘वातात बरळतो’ असे आपण म्हणतो. वैद्यकात याला डेलिरियम म्हणतात. त्यावर जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ साली लिहिलेला निबंध आम्ही नुकताच पुन्हा वाचला. मूत्रपिंड किंवा यकृत जसे निकामी होते तसाच मेंदूही अपुरा पडतो, डेलिरियम ही त्याची खूण, असे त्यांचे म्हणणे. पुरावा म्हणून त्यांनी ई.ई.जी. म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख मांडला.

जागेपणी डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या प्रौढाच्या आलेखात, डोक्याच्या मागील बाजूस, सेकंदाला साधारण ८ ते १३ लहरी दिसतात. भान ढळू लागले की त्या मंदावतात, रुग्ण सुधारला की पुन्हा वेग घेतात. निबंधाचे खरे बळ एकाच रुग्णाची त्याच्याशीच तुलना करण्यात आहे. एखाद्याचा नेहमीचा वेग १२ असेल आणि आजारात तो ९ झाला, तर तक्ता त्याला ‘नॉर्मल’ म्हणेल. पण हा मेंदू मंदावलेला आहे! सरासरी शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे.

शीर्षकातला ‘अपुरेपणा’ मात्र आम्हांला खटकतो. दारूचे जुने व्यसन अचानक सुटल्यावर होणाऱ्या डेलिरियममध्ये लहरी बहुधा मंद नसतात, तर कमी उंचीच्या आणि वेगवान असतात. दारूच्या दडपणाला सरावलेला मेंदू दडपण जाताच अतिउत्तेजित होतो. त्याला अपुरा कसे म्हणावे?

दुसरी अडचण तर १९५२ मध्येच पुढे आली होती. अब्राहम विक्लर यांनी कुत्र्यांना अ‍ॅट्रोपीन दिले. आलेखात झोपेसारख्या मंद लहरी उमटल्या, कुत्री मात्र जागी होती. आपल्या धोतऱ्यातही याच जातीची द्रव्ये असतात, आणि धोतरा पोटात गेलेला माणूस झोपत नाही, हवेत काहीतरी पकडू पाहतो. तेव्हा मंद लहर म्हणजे गुंगी, हे समीकरण चालत नाही.

सेफेपीम या प्रतिजैविकाचे उदाहरण याहून अवघड. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुर्बळ असून मात्रा कमी केली नाही तर ते साठते, आणि रुग्ण गप्प, गोंधळलेला होतो. हातपाय न झटकताही मेंदूत अपस्माराचे झटके चालू असू शकतात, ते आलेखाशिवाय कळत नाहीत. पण अशा रुग्णात दिसणाऱ्या तीन टप्प्यांच्या लहरी यकृताच्या आजारातही दिसतात. दोषी औषध शोधायला शेवटी औषधांचा कागद आणि रक्तातील क्रिएटिनिनच पाहावे लागते.