पन्नास शब्दांचं भांडण

डॉ. स्यूस ऊर्फ थिओडोर गाइझल याचं 'ग्रीन एग्ज अँड हॅम' १९६० साली आलं, त्यामागे एक पैज होती. १९५७च्या 'द कॅट इन द हॅट'मध्ये त्याने २३६ वेगवेगळे शब्द वापरले होते. आता पन्नासात पुस्तक करून दाखव, असं प्रकाशक बेनेट सेर्फने म्हटलं आणि पन्नास डॉलर लावले. ते पैसे कधी मिळाले नाहीत, असं गाइझल सांगत असे. पुस्तक मात्र झालं. पन्नासपैकी एकोणपन्नास शब्द एका उच्चारात संपणारे आहेत. 'एनीव्हेअर' एवढाच काय तो लांब.

माझा पेशा प्रोग्रॅम लिहिण्याचा, त्यामुळे मजकूर टंकून शब्द मोजण्याचा मोह आवरला नाही. पन्नासच भरतात. पण यादी वाचताना एक गंमत दिसली. अख्खं पुस्तक नकारावर उभं आहे. सॅम नावाचा चिवट प्राणी दुसऱ्या एका वैतागलेल्या, निनावी प्राण्याला हिरवी अंडी आणि हॅम खायचा आग्रह करतो आणि तो ऐकत नाही. तरीही यादीत 'नो' नाही, 'येस'ही नाही. सगळा नकार एकट्या 'नॉट'ने पेलला आहे.

वाचायला शिकणाऱ्याला तेच शब्द पुन्हापुन्हा दिसावे लागतात, आणि तेच कंटाळवाणं असतं. स्यूस उजळणीला भांडणाचं रूप देतो. घर, उंदीर, खोका, कोल्हा... सॅम नवी जागा सुचवतो, की नकार देणारा आधीची सगळी यादी पुन्हा म्हणून दाखवतो. चिडलेला माणूस असंच तर बोलतो! त्यामुळे पाठांतर खोटं वाटत नाही.

शब्द पुरत नाहीत तिथे चित्रं पुढे होतात. गाडी आगगाडीवर, आगगाडी होडीवर, आणि शेवटी होडी पाण्याखाली. बुडण्याला यादीत शब्दच नाही. मुलाने अक्षरं वाचायची आणि अनर्थ स्वतः बघायचा. आसपासचे प्रवासी ढिम्म उभे, हे तर मला सगळ्यात आवडतं.

शेवट मला खटकतो. नाही म्हणणारा अखेर खातो, त्याला आवडतं, तो आभारही मानतो. म्हणजे पुरेसा पिच्छा पुरवला की नकार विरघळतो. जेवू घालणाऱ्या आयांना हे पटेल; मला एवढ्या ठाम नकाराची एवढी स्वस्त विक्री पटत नाही.

आता मराठी. आपल्याकडेही सोप्या पुस्तकांच्या पातळ्या ठरवताना शब्दसंख्या बघतात. पण पन्नास शब्दांची अट हा इंग्रजीच्या दुखण्यावरचा इलाज आहे. 'वुड', 'कुड' हे शब्द अक्षरं जुळवून वाचता येत नाहीत, चेहऱ्यासारखे ओळखावे लागतात. म्हणून ते मोजून द्यायचे. मराठीत बाराखडी आली की अनोळखी शब्दही वाचता येतो. आपली अडचण वेगळी. 'फॉक्स' कुणाहीबरोबर फॉक्सच राहतो. आपला कोल्हा कुणाबरोबर गेला की 'कोल्ह्याबरोबर' होतो आणि पोराच्या पुढ्यात 'ल्ह्या' येऊन पडतो. उंदराचा तर 'दी'च जातो. 'ग्रीन' एकच, पण अंडी हिरवी आणि हॅम हिरवं. हे पुस्तक मराठीत आणलं तर पन्नासाचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच फुगू लागेल.

आपली जुनी अट शब्दांची नव्हती, काना-मात्रांची होती. भाषेच्या दृष्टीने ती जास्त शहाणी. घोळ असा, की त्या अटीत बसवलेल्या वाक्यांत कुणीतरी उगाच कुणाला नमन करत असतं, कुणी मुकाट्याने कमळ बघतं. कुणालाच काही हवं नसतं, कुणी कुणाला अडवत नाही. बिनकान्याच्या अक्षरांत भांडण बसत नाही असं थोडंच आहे? 'बस', 'नको', 'हट', 'मग', 'पण' (एक काना-मात्रा चालवून घ्या) एवढ्यावर आमच्या घरातलं अर्धं जेवण पार पडतं.