स्टीफन्सची दोन भाषांतरे

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे नाव मराठी समीक्षेत बहुधा मराठीच्या थोरवीसंबंधीच्या ओव्यांपुरतेच घेतले जाते. या गौरवामुळे त्यांच्यातील भाषांतरकार दुर्लक्षित राहिला आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट अखेरपर्यंत तेथेच राहिला. भाषांतराच्या दोन परस्परभिन्न रीती त्याने हाताळल्या. त्यांची तुलना अनुवादमीमांसेच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

पहिली रीत त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’त आढळते. मार्कोस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीचे हे भाषांतर. धर्मसिद्धान्तात तसूभरही ढळ होऊ नये म्हणून येथे कित्येक पारिभाषिक संज्ञा मूळ रूपातच ठेवलेल्या दिसतात. निष्ठा आहे ती मूळ संहितेशी.

१६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ही निष्ठा स्थलांतर करते. ट्रेंट धर्मपरिषदेनंतर लोकभाषांतील बायबलवर कडक निर्बंध होते. स्टीफन्सही बायबलचे शब्दशः भाषांतर करीत नाहीत. सुमारे अकरा हजार ओव्यांत, दोन पुराणांत, ते त्यातील कथा नव्याने निरूपितात. ओवीचा छंद, श्रोत्यांच्या शंका आणि निरूपणकाराची उत्तरे ही सारी चौकट मराठी परंपरेची आहे. अशा चौकटीत स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले की त्या शब्दामागची वैष्णव स्मृतीही कथेत शिरते. भाषांतरकाराने तिला नवा अर्थ दिला, तरी जुना अर्थ पुसून टाकणे त्याच्या हाती नसते.

परंतु या सर्जनशीलतेचे कौतुक करताना तिची ऐतिहासिक अट विसरता येत नाही. काव्यातच एक ब्राह्मण श्रोता विचारतो की, आमची जुनी पुराणे निषिद्ध ठरवलीत, तर त्यांच्या जागी तशी दुसरी का देत नाही? देवळे पाडली जात होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. त्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न केवळ काव्यसंकेत उरत नाही. ज्या वाङ्मयप्रकाराची जागा सत्तेने रिकामी केली, तोच प्रकार भाषांतरकार भरून देतो. त्यासाठी मात्र त्याला निषिद्ध परंपरेचीच भाषा, तिचाच छंद स्वीकारावा लागतो.

‘क्रिस्तपुराणा’चे वाचन म्हणूनच दुहेरी करावे लागते. त्यातील ओवीचे सौंदर्य मान्य करून त्यामागची सक्ती नाकारणे जितके अपुरे, तितकेच सक्तीकडे बोट दाखवून ओवी न वाचणेही अपुरे. या ग्रंथाला ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या प्रकरणातून काढून मराठी भाषांतराच्या इतिहासात आणले, तर तो इतिहास एकोणिसाव्या शतकापासून मोजण्याची आपली सवयही तपासावी लागेल.