उसनी चाल आणि आपला नाद : पुनर्वादक वृंदांविषयी काही विचार

कलेच्या इतिहासलेखनात अनुकरणास नेहमीच कनिष्ठ स्थान मिळत आले आहे. आधी अनुकरण, मग स्वतंत्र निर्मिती, असा एक क्रम गृहीत धरावयाचा आणि कलावंत त्या पायऱ्या कितपत चढला यावरून त्याचे मोल ठरवावयाचे, ही रीत आपल्या टीकेत रूढ आहे. मुंबईतील हौशी रॉक वाद्यवृंदांची हकीकतही प्रायः याच क्रमाने सांगितली जाते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी मुंबईच्या रॉकवादनाशेजारी पालघर, सातपाटी, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यातील हळदी-वरातींत वाजणारी बेंजो पार्टी ठेवून पाहू. वरवर पाहता या दोहोंत काहीच समान नाही. परंतु दोन्ही वृंद विजेवर वाजणारे आहेत, दोहोंतील पुष्कळसे वादक दिवसा दुसरा उद्योग करणारे आहेत आणि दोघेही मुख्यतः दुसऱ्यांची गाणी वाजवितात. दुसऱ्याने लोकप्रिय केलेले गीत पुन्हा सादर करणे यास इंग्रजी संगीतव्यवहारात 'कव्हर' म्हणतात. येथे 'पुनर्वादन' हा शब्द योजला आहे.

प्रथम मुंबईकडे वळू. 1960 नंतरच्या दशकात महाविद्यालयीन तरुणांनी उभारलेल्या वृंदांपुढे शिकण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे कान. छापील स्वरलेखन सहसा हाती येत नसे. परदेशी वाद्ये आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मिळ होती. रेडिओ सिलोन आणि कोणाकडून तरी मिळालेली ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून गीत बसविले जाई. इम्पीरिअल टोबॅको कंपनीने पुरस्कृत केलेल्या 'सिमला बीट' या अखिल भारतीय स्पर्धेच्या 1970 व 1971 या दोन वर्षांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. अमेरिकेतील क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या वृंदाचे 1969 मधील 'सिनिस्टर पर्पज' हे गीत बंगलोरच्या 'डायनोसॉर्स' वृंदाने 1970 च्या मुद्रिकेत गायिले आहे. मूळ गीत आणि त्याचे भारतीय पुनर्वादन यांत अंतर आहे ते एका वर्षाचे. तत्कालीन दळणवळणाचा विचार करता या कानाची तत्परता विस्मयकारक म्हणावी लागेल.

पुढील पिढीचे ठळक उदाहरण 'रॉक मशीन' या मुंबईच्या वृंदाचे. 1984 मध्ये स्थापन झालेला हा वृंद आरंभी पुनर्वादक होता. धोबी तलावाजवळील रंगभवनाच्या खुल्या मंचावर त्याने नाव मिळविले, 1988 मध्ये स्वतःच्या गीतांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली, 1993 मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि 1995 च्या ध्वनिमुद्रिकेत भारतीय वाद्यांना स्थान दिले. अनुकरण, इंग्रजीतील स्वनिर्मिती आणि शेवटी भारतीयत्व अशा तीन पायऱ्यांची ही कथा टीकाकारास सोयीची वाटते यात नवल नाही. तथापि या मांडणीत पहिली चार वर्षे केवळ उमेदवारीची ठरतात. त्या वर्षांत श्रोत्यांना जे मिळाले त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. शिवाय ज्या पाश्चात्य परंपरेच्या नावे हा निकष लावला जातो, ती परंपराच त्यास दुजोरा देत नाही. बीटल्स वृंदाच्या 1963 मधील पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील 14 गीतांपैकी 6 इतरांची होती. 'हाउंड डॉग' हे गीत बिग मामा थॉर्नटन या गायिकेचे. 1956 मध्ये ते एल्विस प्रेस्लीच्या कंठातून जगभर गेले. त्या गीतांत गायकाची उणीव कोणास जाणवली नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. मराठी संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके चाळली असता अनेक पदांच्या माथ्यावर 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गीताचा आरंभ दिलेला आढळतो. 1880 च्या 'शाकुंतल'पासून किर्लोस्करांनी आणि पुढे देवलांनी प्रचलित चालींवर पदे रचली. चाल उसनी आहे हे लपविण्याची गरज त्यांना भासली नाही. उलट ती कोठली हे वाचकास सांगणे हाच शिष्टाचार होता. तेव्हा उसनेपणा हा स्वतः दोष नव्हे. कोणती गोष्ट उसनी घेतली आणि कोणती आपली घातली, हा टीकेचा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने उसनवारीचे तीन प्रकार करता येतील. नाट्यपदात चाल उसनी, पण शब्द नवे. बेंजोवादनात चाल उसनी, शब्द गाळलेले आणि नाद नवा. हौशी रॉकच्या पुनर्वादनात शब्द, चाल आणि नाद तिन्ही उसने घेण्याची धडपड असते. गिटारचा विशिष्ट खरखरीत ध्वनीसुद्धा मुद्रिकेतल्यासारखाच उमटावा असा आग्रह असतो. हा तिसरा प्रकार सर्वांत परावलंबी दिसतो खरा. परंतु तो कधीच पूर्णपणे साधत नाही, आणि जे साधत नाही तेथेच त्याचे स्वत्व असते. मुद्रणगृहात थरावर थर चढवून निर्मिलेला नाद चार-पाच माणसांनी मंचावर प्रत्यक्ष उभा करावयाचा म्हटले की काय ठेवावे आणि काय सोडावे याचा निर्णय करावा लागतो. हा निर्णय म्हणजेच अर्थनिर्णय होय. तो टीकाकाराने ऐकला पाहिजे.

आता बेंजोकडे येऊ. या वाद्याचा अमेरिकन बॅंजोशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य घडविले. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्या दाबण्यासाठी टंकलेखन यंत्रासारख्या कळा, आणि छेडणारा उजवा हात, अशी त्याची रचना. भारतात ते 'बुलबुलतरंग' या नावाने घराघरांत पोहोचले, आणि कोकण किनाऱ्यावर विजेची जोड मिळून ध्वनिवर्धकातून गर्जणारा बेंजो झाला. त्याच्या साथीला ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि कॅसिओ. बलुचिस्तानात हेच वाद्य आकाराने वाढून 'बेंजू' झाले आणि तेथील लोकसंगीताचे मानाचे वाद्य ठरले. एका शतकाच्या आत परकी वस्तू एका प्रदेशात परंपरा ठरते आणि दुसऱ्या प्रदेशात गोंगाट म्हणून हिणविली जाते. हा भेद वाद्यात नसून आपल्या ऐकण्यात आहे, हे उघड आहे.

बेंजो चालीत कोणता बदल घडवितो? कळांमुळे स्वर ठाशीव होतात. गळ्यातील मींड त्यात उतरत नाही. दीर्घ स्वर धरावयाचा तर तार झपाट्याने पुनःपुन्हा छेडावी लागते. त्यामुळे संथ गीतासही एक थरथरती, घाईची कळा येते. गीताचा मुखडा प्रधान होतो, अंतरा पुष्कळदा गळतो, आणि एका तालात बसणारी गाणी एकापाठोपाठ गुंफली जातात. कोळीगीतामागे हिंदी चित्रपटगीत आणि त्यामागे गरबा, असा क्रम ऐकणाऱ्यास खटकत नाही. 1969 मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली आणि नाना प्रांतांची माणसे येथे कामासाठी आली. अशा वस्तीत शब्दांवाचून वाजणारी चाल सर्वांची होऊ शकते. ज्याला शब्द येतात तो ते मनात म्हणतो, ज्याला येत नाहीत तो नाचतो. बेंजोने गाळलेले शब्द अशा रीतीने समुदाय भरून काढतो. पुनर्वादनाचे हे सामर्थ्य नव्या, अपरिचित रचनेस लाभणे कठीण. कारण भरून काढण्यासाठी आधी ओळख असावी लागते.

असे असूनही अभ्यासकाच्या वहीत बेंजोस जागा मिळत नाही. पालघर जिल्ह्यातील संगीत म्हटले की तारपा डोळ्यांपुढे येतो, आणि ते योग्यच आहे. भोपळा, बांबू आणि मेण यांपासून घडणारे हे वाद्य, मध्यभागी वादक आणि त्याच्याभोवती फिरणारी नर्तकांची साखळी, हे दृश्य जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांनी जगापुढे नेले. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही जिल्ह्यास भूषणावह गोष्ट आहे. परंतु तारपा आदिम व शुद्ध, तर बेंजो भ्रष्ट, अशी वाटणी करून आपण थांबतो. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी कल्पिल्या. त्यांपैकी कोणत्या कोटीत बेंजो बसवावा? चाली जनसंगीताच्या आहेत, पण कार्य लोकसंगीताचे आहे. हळद, वरात, विसर्जन या प्रसंगांवाचून हे वादन संभवत नाही, आणि वादक बहुधा पाहून व ऐकूनच शिकतो. या कोटी म्हणजे बंद खोल्या नव्हेत, याचा बेंजोइतका बोलका पुरावा दुसरा सापडणे कठीण.

येथे एका आक्षेपाचा विचार अवश्य केला पाहिजे. बेंजो कर्कश असतो, सर्वत्र सारखाच वाजतो आणि सुपारीच्या हिशेबाने चालतो, असे म्हटले जाते. कर्कशतेचा मुद्दा खोटा नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिवर्धकास आळा घातला. शांतता क्षेत्राच्या बंधनामुळे रंगभवनही रॉकवृंदांच्या हातून गेले. म्हणजे या बाबतीत महानगर आणि किनारा एकाच न्यायाने बांधले गेले. सुपारी घेतल्याने कला हीन होते, असे मानल्यास आपल्या नाटक मंडळ्यांचा सारा इतिहास पुसावा लागेल. उरतो सारखेपणाचा दोष. तो गंभीर आहे. तयार ठेक्यांच्या यंत्रावर विसंबलेला वृंद गावागावांतील ढोलाच्या बोलांमधील भेद बुजवितो, आणि मग त्यात घेतलेले सारे उसने राहते, आपले काहीच पडत नाही. अशा वादनास टीकाकाराने निःसंकोच सामान्य म्हणावे. पण ते पुनर्वादन आहे म्हणून नव्हे, तर ते आळशी पुनर्वादन आहे म्हणून.

तात्पर्य, पुनर्वादक वृंदाची परीक्षा तीन प्रश्नांनी व्हावी : मूळ गीतातून त्याने काय सोडले, त्यात कोणता नाद घातला, आणि श्रोत्यांकडून काय भरून घेतले. या कसोटीवर 'रॉक मशीन'ची आरंभीची वर्षे केवळ पायरी राहत नाहीत आणि सातपाटीची हळद केवळ गोंगाट राहत नाही. पदव्युत्तर अभ्यासकांपुढे येथे काम मोठे आहे. एकाच गीताची निरनिराळ्या गावांतील बेंजोवादने प्रसंग, तारीख आणि वाद्यमेळ यांच्या नोंदीसह ध्वनिमुद्रित करून ती शेजारी-शेजारी ऐकणे, ही त्याची पहिली पायरी होय. मुद्रिका ऐकून शिकलेल्या रॉकवादकांच्या पिढीतील कित्येक जण आता वृद्ध झाले आहेत. बेंजोच्या कळाही जागोजागी कॅसिओच्या कळांना जागा देत आहेत. जे नोंदले गेले नाही त्याविषयी पुढील पिढी कोणतेही मत सहज देईल. पुरावा मात्र तिला देता येणार नाही.