मानपत्र कुणी कुणाला द्यायचे?

साओ पाउलो राज्यातल्या युनिकाम्प विद्यापीठाने २०२३ मध्ये ‘रासिओनाइस एमसीज’ या रॅप गटाच्या चौघांना मानद डॉक्टरेट देण्याचा ठराव केला. तेव्हापासून विद्यापीठाच्या उदारपणाचे जे गोडवे गायले जात आहेत, ते ऐकून माझे डोके उठले आहे. मानो ब्राउन, आइस ब्लू, एडी रॉक आणि केएल जे यांना कुणी हात देऊन वर घेतलेले नाही. त्यांनी १९९७ मध्येच विद्यापीठांपुढे एक हिशेब मांडला होता. त्यातली थोडी बाकी आता कुठे चुकती झाली आहे.

ब्राझीलमध्ये संगीत आणि विद्यापीठ यांची सोयरीक जुनीच. १९६० मध्ये रिओच्या वास्तुकला महाविद्यालयात बोसा नोव्हा या संगीतप्रकाराची ती गाजलेली रात्र झाली, तेव्हा गाणारे आणि ऐकणारे बहुतेक एकाच थरातले होते. जुआँव जिल्बेर्तो यांच्या गिटारबद्दल मला आदर आहे. पण आजही परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाने ब्राझीलचा सप्ताह योजला की तोच समुद्रकिनारा आणि तीच हलक्या आवाजातली गाणी पुढे येतात, याचा वीट आला आहे. १९६८ मध्ये साओ पाउलोच्या कॅथलिक विद्यापीठाच्या नाट्यगृहात विद्यार्थ्यांनी गायक काएतानो वेलोसो यांची हुर्यो उडवली. त्यांच्या ट्रॉपिकालिया या संगीत चळवळीच्या अभ्यासकांनी त्या प्रसंगाचा इतका कीस पाडला आहे की मी त्यात भर घालणार नाही.

१९७३ ची गोष्ट मात्र वेगळी. मार्चमध्ये लष्करी राजवटीच्या पोलिसांनी साओ पाउलो विद्यापीठाचा भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी अलेशांद्रे वानुकी लेमे याला ठार केले. मे महिन्यात गायक जिल्बेर्तो जिल त्याच विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आले. तासन् तास गायले, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिले. गीतकार शिको बुआर्के यांच्याबरोबर लिहिलेले ‘कालिसे’ हे गाणे सरकारने दाबले होते, तेही त्यांनी तिथे म्हटले. कुणीतरी टेप सुरू ठेवली म्हणून हे आपल्याला ऐकायला मिळते. त्या दिवशी गाणे एका मेलेल्या मुलासाठी होते, आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होते. पुढे जुझे मिगेल विझ्निक यांच्यासारख्या विद्वानांनी पियानोवर बसून व्याख्यान-मैफलीचा जो प्रकार रुजवला, तो देखणा आहे. त्यातले शहर मात्र पुस्तकांच्या कपाटाशेजारून दिसणारे आहे.

रासिओनाइसची ‘सोब्रेविवेन्दो नो इन्फेर्नो’ ही तबकडी, म्हणजे ‘नरकात तग धरताना’, १९९७ ची. तिची रचना चर्चमधल्या उपासनेसारखी आहे: आधी संत जॉर्जची आळवणी, मग उत्पत्ती, मग अध्याय आणि वचन. पण या उपासनेत देवापुढे ठेवले जातात ते साओ पाउलोच्या दक्षिण टोकाच्या कापाँव रेदोन्दोसारख्या वस्त्यांतले मेलेले तरुण. १९९२ मध्ये कारान्दिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले. त्यावरचे ‘एका कैद्याची डायरी’ हे गाणे तिथे राहिलेल्या जोसेनीर यांच्याबरोबर लिहिलेले आहे. त्यात ना टाहो, ना भाषण. कैदी दिवस मोजतो, पहारेकऱ्याची नजर पाहतो, आणि गोळीबार येईपर्यंत ऐकणाऱ्याला त्या कोठडीतून बाहेर पडता येत नाही.

आणि याच तबकडीत एका गाण्याच्या सुरुवातीला आकडे वाचले जातात. त्यांतला एक असा की ब्राझीलच्या विद्यापीठांत काळे विद्यार्थी अवघे २ टक्के आहेत. मानपत्राच्या गडबडीत हा आकडा कुणालाच कसा आठवत नाही? २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागा आल्या. युनिकाम्प त्या कायद्याखाली येत नाही. तिथे वांशिक आरक्षणाचा निर्णय २०१७ मध्ये झाला आणि २०१९ पासून मुले आली. पुढच्याच वर्षीच्या प्रवेश परीक्षेला ही तबकडी अभ्यासाला होती, कामोइंशच्या सुनीतांच्या शेजारी. आपल्या गोव्यात काही वर्षे काढलेला तोच हा कवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे चौघे युनिकाम्पमध्ये खुल्या वर्गात शिकवायला उभे राहिले. आधी प्रवेशाचे नियम बदलले, मग अभ्यासक्रम बदलला. प्राध्यापकांची अभिरुची अचानक उंचावली, असे मला कुणी सांगू नये.

२००४ मध्ये शिको बुआर्के यांनी शंका बोलून दाखवली होती की, आपण ज्याला गाणे म्हणतो तो कदाचित विसाव्या शतकापुरताच प्रकार असेल आणि रॅप म्हणजे त्याचा नकार. त्यावर परिसंवादांचा पूर आला. पण लुइझ तातित यांनी साओ पाउलो विद्यापीठात बसूनच दाखवून दिले होते की ब्राझीलचे गाणे बोलण्याच्या चढउतारातून उगवते. तो सिद्धान्त खरा मानायचा, तर रॅपमध्ये गाणे संपत नाही, मुळापाशी जाते. संपली ती एका वर्गाची गाण्यावरची मालकी.

म्हणूनच मला आता रॅपच्या सत्कारांत रस उरलेला नाही. माझा प्रश्न वस्त्यांतल्या नाचांत वाजणाऱ्या फंक या संगीताबद्दल आहे. विद्यापीठाला हे संगीत माहीत नव्हते, ही सबब चालणार नाही. रिओच्या फंकवरचे एर्मानो व्हियाना यांचे पुस्तक १९८८ चे आहे, आणि ते मानववंशशास्त्राच्या प्रबंधातूनच आले आहे. तरीही १ डिसेंबर २०१९ च्या पहाटे साओ पाउलोच्या पाराइसोपोलिस वस्तीत रस्त्यावर चाललेल्या फंकच्या नाचावर पोलीस चालून गेले आणि नऊ तरुण जीव गमावून बसले. २०२५ मध्ये त्याच शहराच्या नगरपरिषदेत विधेयक आले: ज्यांची गाणी गुन्हेगारीचे उदात्तीकरण करतात, त्यांना सरकारी पैशातून कार्यक्रम देऊ नयेत. इतर शहरांनी त्याची नक्कल केली. नव्वदच्या दशकात रासिओनाइसवर हाच आरोप होत होता. आज त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे विसरणे मला अक्षम्य वाटते.

फंकच्या डीजेंचा सत्कार करायला विद्यापीठांनी आणखी पंचवीस वर्षे थांबू नये. या वर्षीच त्यांना वर्ग द्यावा, प्राध्यापकाइतके मानधन द्यावे, आणि त्यांच्या गाण्यांवरून खटले उभे राहतील तेव्हा आपले संगीततज्ज्ञ न्यायालयात साक्षीला पाठवावेत.