गजाचं संगीत, श्वासाचं वाद्य

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यांनी दारातच आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, व्हायोलिनसाठी लिहिलेला बाख ट्रंपेटवर वाजवलेला चालतो का?" उभ्याउभ्या देण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून आजचा विषय तोच घेतला आहे. वाकडला व्याख्यान असलं आणि लग्नाची तीथ असली, की महामार्गालगतच्या लॉन्सवरचा आवाज आपल्या सभागृहात येतो. आजही येतोय. येऊ द्या. त्या आवाजाकडेही आपल्याला शेवटी जायचंच आहे.

सुरुवात एका रचनेपासून करू. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सूटमधला 'एअर' हा संथ भाग. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नाव माहीत नसतानाही तो ऐकलेला असतो. 1871 साली ऑगस्ट विल्हेल्मी या व्हायोलिनवादकाने त्याची सुरावट खाली आणून व्हायोलिनच्या एकाच तारेवर बसवली आणि 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' हे नाव जगभर झालं. म्हणजे ज्या नावाने आपण मूळ रचना ओळखतो, ते नावच मुळी एका रूपांतराचं आहे!

आता गंमत बघा. या सूटच्या वाद्यवृंदात तीन ट्रंपेट आहेत. पहिल्या भागात ते दणक्यात वाजतात. दुसरा भाग, म्हणजे 'एअर', सुरू झाला की ट्रंपेट गप्प, ओबो गप्प, नगारे गप्प. फक्त तंतुवाद्यं आणि त्यांना आधार देणारा खर्जाचा ताफा. म्हणजे आज कोणी 'एअर' ट्रंपेटवर वाजवतो, तेव्हा बाखने समोर बसलेल्या ज्या वादकांना "तुम्ही थांबा" म्हटलं होतं, त्यांच्याच वारसाच्या हाती तो ही सुरावट देत असतो. मग हा बाखचा अवमान झाला का?

उत्तर देण्याआधी विचारायला हवं, की बाखने त्यांना का थांबवलं. त्या काळच्या ट्रंपेटला व्हॉल्व्ह नव्हते. नुसती वळवलेली पितळी नळी. तिच्यातून ओठांच्या ताणावर जे स्वर निघतील तेवढेच. आपल्या भाषेत सांगायचं तर खाली फक्त सा आणि प, त्याच्या वर सा, ग, प आणि एक बेसूर कोमल निषाद, आणि अगदी वरच्या पट्टीत गेल्यावर कुठे सलग स्वर मिळतात. 'एअर'मधला पहिला दीर्घ स्वर, डी हा षड्ज धरला तर शुद्ध गंधार, त्या ट्रंपेटवर निघाला असता. पण पुढे सुरावट जी वळणं घेते, ती निघाली नसती. शिवाय संथ भागात ट्रंपेटवाल्याच्या ओठांना विश्रांती द्यायची त्या काळी रीतच होती. स्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं ते बर्लिनमध्ये 1818 साली. बाख गेला 1750 ला.

म्हणजे ट्रंपेटचं ते मौन ही बाखची निवड होती, की नाइलाज? आम्ही म्हणू, दोन्ही होतं, आणि ते वेगळं काढता येत नाही. म्हणूनच "बाखला काय हवं होतं" या एका प्रश्नावर हा वाद सुटत नाही.

तत्त्वज्ञानात या वादाच्या दोन ठळक बाजू आहेत. नेल्सन गुडमन यांनी 1968 च्या पुस्तकात मांडलं, की रचनेची ओळख स्वरलेखनाशी बांधलेली असते. लिहिलेलं तंतोतंत पाळलं तरच ती तीच रचना. जेरल्ड लेव्हिन्सन यांनी 1980 च्या निबंधात सांगितलं, की कोणत्या वाद्यासाठी रचना केली हेसुद्धा रचनेच्या अस्तित्वाचाच भाग आहे. या हिशेबाने ट्रंपेटवरचा 'एअर' म्हणजे 'एअर'च नव्हे. आम्ही नोकरीत नवे होतो तेव्हा हे फार पटायचं. वर्गात आम्ही अशा रूपांतरांना सरळ 'भेसळ' म्हणत असू.

आमचं मत बदललं ते खुद्द बाखमुळे. विवाल्डीने चार व्हायोलिनसाठी लिहिलेली एक कॉन्चेर्तो बाखने घेतली, बी मायनरमधून ए मायनरमध्ये आणली आणि चार हार्पसिकॉर्डसाठी लिहून काढली. गज काढून टाकला, पट्टी बदलली. जो माणूस स्वतः दुसऱ्याचं तंतुसंगीत असं उचलतो, त्याच्या नावाने शुद्धतेचं सोवळं आपण कशाला नेसायचं? पण म्हणून "काहीही कशावरही वाजवा" असंही होत नाही. रूपांतर करावं की नाही, हा प्रश्न आम्ही सोडून दिला. चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हा प्रश्न उरतोच.

भरतमुनींनी वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध, घन. आपलं प्रकरण तत वर्गातून सुषिर वर्गात जाण्याचं आहे. म्हणजे हाताकडून श्वासाकडे. गजाचं टोक आलं की हात उलट फिरतो, आणि तयारीचा वादक असेल तर सूर तुटल्याचं कळतसुद्धा नाही. ट्रंपेट किंवा ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याला मात्र श्वास घ्यावाच लागतो. तेवढ्यापुरता सूर थांबतोच.

बाखच्या पहिल्या चेलो सूटचा प्रारंभीचा भाग घ्या. 42 मापांचा हा तुकडा जवळजवळ अखंड, एकसारख्या जलद स्वरांचा आहे. ट्रॉम्बोन आणि ट्यूबा वाजवणारे तो हौसेने वाजवतात, आणि पहिल्या काही मापांतच अडतात: श्वास कुठे घ्यायचा? बाखने जागाच ठेवलेली नाही. पुढे साराबांदमध्ये चेलोवर दोन-तीन तारा एकत्र छेडून येणारा स्वरमेळ आहे. पितळी वाद्यावर एका वेळी एकच सूर, म्हणून तो मेळ फोडून एकामागून एक वाजवावा लागतो.

इथे वादकांच्या दोन जाती दिसतात. पहिली जात श्वास लपवते. कोणी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, जसा सनई-चौघड्यातला सूर धरणारा घेतो. कोणी ध्वनिमुद्रणात तुकडे जोडून घेतो. ऐकायला सगळं गुळगुळीत. तोंडात बोट घालावं अशी करामत. पण थोड्या वेळाने आपण संगीत ऐकायचं सोडून दम मोजायला लागतो.

दुसरी जात श्वास दाखवते. एखादं वाक्य कुठे संपतं, खालचा आधारस्वर कुठे बदलतो, हे पाहून तिथे थांबते; एखादा गौण स्वर गाळते, पुढची सुरुवात किंचित हलकी करते. चेलोवर जे वाक्य पंधरा प्रकारे वाचता येत होतं, त्याचं एक वाचन हा वादक जबाबदारीने आपल्यासमोर ठेवतो. चुकलं तर त्याची चूक उघडी पडते. आमच्या मते श्वासाची ती जागा हीच त्याची समीक्षा. रचना त्याला कळली आहे की नाही, ते तिथे कळतं.

मोरिस आंद्रे यांचं उदाहरण घेऊ. ट्रंपेटसाठी बरोक काळातलं संगीत मर्यादित, म्हणून त्यांनी ओबोच्या, व्हायोलिनच्या कॉन्चेर्तो छोट्या पिकोलो ट्रंपेटवर आणल्या. जलद भागांत ते ऐकताना आनंदच होतो. संथ भागांत मात्र आमची तक्रार आहे. तो लखलखीत सूर इतका देखणा आहे, की दुःखाचं वाक्यसुद्धा उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखं चमकतं. गजाचा दाब कमी होत सूर विरत जातो, ते विरणं तिथे हवं असतं.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. पुण्याचा प्रभात ब्रास बँड. सोलापूरकर कुटुंबाने तो वाढवला, आणि बंदिशी, नाट्यपदं बँडवर आणली. गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो ऐकला असेल. नाव 'ब्रास', पण त्यात क्लॅरिनेटसारखी लाकडी वाद्यंही आहेत, हे सांगून टाकतो, नाहीतर जाणकार मला धरतील.

इथे प्रवास उलट्या दिशेचा आहे. बाखच्या बाबतीत हाताचं संगीत श्वासाकडे गेलं. आपल्याकडे मूळ संगीतच गळ्याचं, श्वासाचं. आपल्याकडे व्हायोलिनसुद्धा गळ्याच्या मागे गेलं. गजाननबुवा जोशी गवईही होते आणि व्हायोलिनवादकही. म्हणून बँडवर बंदीश आली की श्वासाची जागा मुळातच तयार असते. अडतं ते वेगळ्या ठिकाणी, मींडेत. व्हॉल्व्ह दाबला की एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी पडते. मधली वाट ओठांनी, अर्धवट दाबलेल्या व्हॉल्व्हने कशीबशी काढावी लागते. बाखला पितळेवर नेताना स्वर शाबूत राहतात आणि सलगपणा जातो. ख्याल पितळेवर नेताना श्वास शाबूत राहतो आणि दोन स्वरांमधली वाट धोक्यात येते.

पण कसोटी तीच. जो बँड मींडेची नक्कल करायला जाऊन सूर पाडतो, तो फसतो. जो म्हणतो, "मींड नाही निघत, पण बंदिशीचा डौल, तिची लय, समेवर येण्याची ऐट मी रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचवीन," तो काहीतरी कमावतो. काय गेलं ते त्याला ठाऊक असतं. त्या जाणिवेनेच तो वाजवतो.

यात पणाला काय लागलंय, ते सांगून थांबतो. आंद्रे खाणकामगाराचे चिरंजीव, स्वतः तरुणपणी खाणीत उतरलेले. इंग्लंडमधला ब्लॅक डाइक बँड कापडगिरणीचा, ग्राइमथॉर्पचा बँड कोळशाच्या खाणीचा. ज्यांना ऑपेराचं तिकीट परवडणारं नव्हतं, त्यांनी ते संगीत रूपांतरातून स्वतः वाजवलं. ऐकणाऱ्याचा वाजवणारा झाला. आपला हा पट्टाही कामगारांचा आहे: पिंपरी, भोसरी, चाकण. शेजारी हिंजवडी. इथे संगीत ऐकायची साधनं ढिगाने आहेत. फुंकणारे किती आहेत?

मघापासून लॉन्सवरून येतोय तो आवाज पेटीतला आहे, डीजेचा. त्याला श्वास घ्यावा लागत नाही, आणि आमची त्याच्याबद्दलची तक्रार एवढीच आहे. बँडवाला दमतो, थांबतो, पुन्हा सुरू करतो. आपण त्याला लग्नातला हरकाम्या समजलो, 'रूपांतर म्हणजे भेसळ' असं आमच्यासारखे मास्तर शिकवत राहिले, आणि हळूहळू त्याची जागा पेटीने घेतली. या पापात आमचाही थोडा वाटा आहे.

तेव्हा त्या तरुण श्रोत्यांना उत्तर: हो, चालतो. फक्त 'एअर' ट्रंपेटवर ऐकाल तेव्हा त्या पहिल्या लांब गंधाराकडे कान द्या. खाली खर्ज अष्टकाच्या उड्या घेत पायरी पायरीने उतरत असतो आणि वर तो एकच सूर एक माप ओलांडून पुढे टिकून राहतो. वादक तिथे नुसता दम दाखवतोय, की खालची प्रत्येक पायरी ऐकत तो सूर धरतोय? आणि तो सोडून श्वास घेईल, ती जागा तुम्हाला पटते का? पटली, तर बाखने गप्प बसवलेल्या त्या तिघांना बोलायचा हक्क मिळाला असं समजा.

प्रश्न असतील तर बसूनच बोलू.