भूत तेच, घर नवं : भयपट आणि त्यांचे रिमेक

(पालघर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



भयपट बघणारी दोन माणसं एकत्र आली की एक वाद ठरलेला असतो. पहिला म्हणतो, "ओरिजिनलची सर नाही, रिमेकनं वाट लावली." दुसरा म्हणतो, "जुना पिक्चर आता बघवत नाही, मेकअप कळतो." पालघरला गाडीत बसल्यावर सुरू झालेला हा वाद अंधेरीला उतरेपर्यंत संपत नाही. आणि उतरताना दोघंही एकमेकांना तीन-तीन सिनेमांची नावं देऊन जातात, ही त्यातली चांगली गोष्ट.

या वादात आपण सहसा एकच माप लावतो. जास्त कोण घाबरवतो? मला हे माप अपुरं वाटतं. भीती हे काही पार्सल नाही, की इथून उचललं आणि तिथे ठेवलं. ती एका घरातून दुसऱ्या घरात नेली की तिला तिथे नव्यानं राहावं लागतं. म्हणून मी रिमेकला वेगळा प्रश्न विचारतो : या भुताचं या नव्या घरात काय काम आहे? ते इथल्या कोणाकडून काय मागतंय?

आधी परदेशातलं एक उदाहरण घेऊ, कारण ते अगदी प्रयोगशाळेतल्यासारखं स्वच्छ आहे. हिचकॉकचा 'सायको' १९६० चा. १९९८ मध्ये गस व्हॅन सँट या दिग्दर्शकानं तो जवळजवळ दृश्यागणिक तसाच पुन्हा केला, फक्त रंगीत. म्हणजे मुळाशी प्रामाणिक राहायचं तर याहून जास्त काय करणार? तरी तो सिनेमा निर्जीव झाला. कारण १९६० च्या प्रेक्षकाला धक्का सुऱ्याचा नव्हता. आपण जिच्यासोबत सिनेमा बघतोय ती नायिका निम्म्या वाटेतच जाते, आता आपण कोणाचा हात धरायचा, हा धक्का होता. १९९८ ला तो सगळ्यांना पाठ होता. चौकट न् चौकट उतरवली, पण प्रेक्षकाचं अज्ञान कुठून आणणार?

आता घरी येऊ. 'झपाटलेला', १९९३, महेश कोठारे. तो १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून स्फुरलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बरेच लोक ते नाक मुरडून सांगतात. मी म्हणतो, नीट बघा. अमेरिकन सिनेमातला बाहुला दुकानातला आहे, खोक्यातून येतो, जाहिरात बघून मुलाला हवा असतो. तो बाजाराचा बाहुला आहे. १९९३ च्या मराठी घरात असा बाहुला नव्हता. मग कोठारेंनी काय केलं? त्यांनी तो शब्दभ्रमाच्या खेळात नेला. लक्ष्या शब्दभ्रमकार, आणि तात्या विंचू हा बोलका बाहुला, रामदास पाध्यांच्या हातचा. आपल्याकडे बोलका बाहुला म्हटलं की पाध्ये, ही ओळख प्रेक्षकाच्या मनात आधीच होती. बाहुला बोलतो यात आपल्याला नवल नव्हतंच, मालक गप्प असताना तो बोलतो, यात भीती होती. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. आजही लहानपणी तात्या विंचूमुळे पलंगाखाली बघायला घाबरायचो असं सांगणारे तिशी-चाळिशीतले लोक या सभागृहात असतील. (हशा) हात वर करू नका, कळलं मला.

म्हणजे उसनं घेतलं यात कमीपणा नाही, घेतलेलं इथे रुजलं का हे बघायचं.

रुजण्याचं दुसरं उदाहरण याहून लांबच्या प्रवासाचं आहे. स्टीफन किंगची 'ग्रॅमा' नावाची कथा आहे. घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली, भयंकर आजी. त्यावरून नारायण धारपांनी मराठीत 'आजी' लिहिली. ती गोष्ट राही अनिल बर्वे यांनी लहानपणी एका मित्राकडून ऐकली, ती डोक्यात राहिली, आणि पुढे २०१८ मध्ये 'तुंबाड' आला. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून. अमेरिकेतली आजी पुण्याच्या धारपांकडे आली आणि तिथून कोकणातल्या पडक्या वाड्यात जाऊन बसली.

पण तिथे ती एकटी राहिली नाही. बर्वेंनी तिच्या भोवती हाव उभी केली. वाडा, सोन्याच्या मोहरा, बापाकडून मुलाकडे जाणारा लोभ, आणि मागे १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतचा काळ. किंगच्या गोष्टीत मुलाला आजीची भीती वाटते. 'तुंबाड'मध्ये मुलगा मोठा होऊन परत त्याच वाड्यात जातो, स्वतःच्या पायानं. हा जो बदल आहे, तो खरा रिमेक. पहिल्यांदा लागला तेव्हा सिनेमा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरला आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत तो जिवंत ठेवला कोणी? एकमेकांना "हा बघच" म्हणणाऱ्या तुमच्यासारख्यांनी. चाहत्यांच्या शिफारशीला मी हलक्यात घेत नाही ते म्हणूनच.

आता जिथे थोडा वाद घालायचा आहे तिथे येतो. 'लपाछपी' आणि 'छोरी'.

'लपाछपी' २०१७ चा मराठी सिनेमा, दिग्दर्शक विशाल फुरिया. 'छोरी' २०२१ चा, हिंदी, थेट ओटीटीवर, दिग्दर्शक तेच. त्यामुळे इथे "मूळ समजलंच नाही" ही तक्रार करता येत नाही. गोष्टही तीच. दिवस भरत आलेली शहरातली मुलगी, नवऱ्यावर पैशाचं संकट, म्हणून दोघं ड्रायव्हरच्या गावी लपायला जातात. उसाच्या फडात एकटं घर. मुलं लपाछपी खेळताना दिसतात. आणि हळूहळू कळतं की या घराचा मुलींशी जुना हिशोब आहे.

मला 'लपाछपी' उजवा वाटतो, आणि कारण भाषेचा अभिमान नाही. कारण ऊस आहे. हिंदीतही ऊस आहे, तो वाट चुकवण्याच्या कामाला येतो, भूलभुलैया म्हणून. मराठीत तो ऊस नुसता अंधार नाही, ती श्रीमंती आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४ झाल्या. आणि कोल्हापूर, सांगली हे उसाचे, पाणी आलेले, पैसा आलेले जिल्हे या सरासरीच्याही खाली होते. गरिबी आणि अडाणीपणामुळे मुली मारतात, ही आपली सोयीची समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. मराठी प्रेक्षक तो हिरवागार फड बघतो तेव्हा त्याला हे सगळं सांगावं लागत नाही, ते त्याच्या अंगावर येतं. भूत उसातून येतं, म्हणजे भरभराटीतून येतं.

दुसरं म्हणजे उषा नाईक यांची तुळसाबाई. तिच्या बोलण्यात सासूची माया आणि सासूचा धाक एकाच वाक्यात आहे. गरोदर बाईच्या भोवती असणारी ती काळजी, हे खा, इकडे जाऊ नको, असं बसू नको, ती आपण सगळ्यांनी घरात ऐकलेली आहे. पूजा सावंतची नेहा त्या काळजीला नाही म्हणू शकत नाही. मला तिथे भूत दिसायच्या आधीच भीती वाटायला लागते. 'छोरी'मध्ये मीता वशिष्ठ ताकदीची नटी आहे, नुसरत भरुचानं जीव ओतलाय. पण सिनेमा स्वतःचा संदेश वारंवार बोलून दाखवतो. प्रेक्षक देशभरचा आहे, कोणाला कळायचं राहू नये, ही काळजी त्यात दिसते. भयपटात ती महाग पडते.

तरी एक गोष्ट 'छोरी'च्या बाजूनं सांगितली पाहिजे. 'लपाछपी' किती लोकांनी थिएटरमध्ये बघितला? 'छोरी'मुळे अनेकांनी मागे जाऊन तो शोधला. चांगल्या रिमेकनं मूळ सिनेमा पुसू नये, त्याच्याकडे वाट दाखवावी. तेवढं काम त्यानं केलं.

आता ज्या सिनेमाची शिफारस करायला मी आज मुख्यतः आलो आहे तो. 'गहराई', १९८०. दिग्दर्शक विकास देसाई आणि अरुणा राजे, लेखनात विजय तेंडुलकर. श्रीराम लागू, अनंत नाग, इंद्राणी मुखर्जी आणि अगदी लहान पद्मिनी कोल्हापुरे. 'एक्झॉर्सिस्ट' १९७३ ला आला, जगभर गाजला, आणि मग आपल्याकडे मुलीच्या अंगात येण्याचे सिनेमे आले. 'गहराई'ची गणना त्यातच करून लोक पुढे जातात. ही मोठी चूक आहे.

अमेरिकन सिनेमात मुलीच्या अंगात सैतान येतो. का येतो? त्याला कारण लागत नाही, तो सैतान आहे. तेंडुलकरांच्या लेखणीला हे चालण्यासारखं नव्हतं. 'गहराई'त बाप गावाकडची वडिलोपार्जित बाग साबणाच्या कारखान्याला विकतो. तिथे आयुष्य घातलेला राखणदार बसवा त्याला विचारतो, माती अशी विकतात का? आणि नंतर बंगल्यात, शहरात, त्याच्या शाळकरी मुलीच्या तोंडून कोणी वेगळंच बोलायला लागतं. बापानं केलेले जुने अन्याय ती बापाला ऐकवते. लागूंचा चेहरा बघा त्या प्रसंगात. तर्कानं जगणारा माणूस, आणि समोर स्वतःचीच लेक साक्षीदार म्हणून उभी.

हा सिनेमा बोईसर-तारापूरच्या माणसानं बघावा असं मला फार वाटतं. आपल्याकडे जमीन जाणं ही काही कल्पना नाही. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. एमआयडीसी झाली, महामार्ग झाले, बुलेट ट्रेन आली, ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन याच पालघरमध्ये झालं. प्रकल्प हवा की नको हा आजचा विषय नाही. पण जमिनीच्या व्यवहारात कागदावर न येणारं काहीतरी मागे राहतं, आणि ते पुढच्या पिढीच्या तोंडून बोलतं, हे 'गहराई'नं भुताच्या भाषेत सांगितलं. असं सांगायला भयपटच लागतो.

इथे थोडं सावध बोलतो. अंगात येण्याचा सिनेमा म्हटला की उतरवण्याचा प्रसंग आला. साखळी, धूर, मार. पडद्यावर तो सगळ्यात थरारक भाग असतो. पण आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं-साखळीनं बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी, हे सगळं नावानिशी आहे. ते कोणाच्या कल्पनेतून आलेलं नाही, लोकांनी भोगलेलं आहे. आपल्या जिल्ह्यात 'भुताळी' हा शब्द ज्या बाईवर पडला तिचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. 'गहराई'त मांत्रिकही घातक निघू शकतो हे दाखवलंय, म्हणून मी तो सुचवतो. ज्या सिनेमात बाई म्हणजे चेटकीण आणि तिला मारणारा म्हणजे नायक, तो कितीही घाबरवो, मी कोणाला सुचवणार नाही.

तसंच पाड्यावरचे ढोल आणि मुखवटे. हिंदी सिनेमात आदिवासी मुखवटा दिसला की समजायचं, आता भूत येणार. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी रात्रभर जागून बघितलाय त्यांना माहीत आहे की तिथे मुखवटा म्हणजे देव, राक्षस, सोंग, गंमत, सगळं एकत्र. लहान पोरं त्याच्यामागे पळतात.

मग आपल्याकडची खरी भीती कुठली? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोक कित्येक रात्री घराबाहेर, तंबूत झोपले. झपाटलेल्या घराच्या सिनेमात माणसं घर सोडून का पळत नाहीत, असं आपण विचारतो. इथे माणसं पळाली, आणि सकाळी त्याच घरात चूल पेटवायला परत गेली, कारण दुसरं घर नव्हतं. आदित्य सरपोतदारांनी २०२२ च्या 'झोंबिवली'त परदेशी झोंबी डोंबिवलीत आणला, टॉवर आणि त्याला लागून असलेली वस्ती यांच्यामध्ये. गमतीगमतीत त्यांनी पाण्याचा प्रश्न विचारला. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या, रात्री वास आला की खिडकी लावणाऱ्या आपल्या लोकांना तो जवळचा वाटायला हरकत नाही. आपली गोष्ट अजून कोणी केलेली नाही. इथली कॉलेजची मुलं मोबाईलवर शॉर्ट फिल्म करतात. त्यांना माझी विनंती : पांढरी साडी आणि मोकळे केस जरा बाजूला ठेवा. (हशा)

शेवटी यादी, कारण ती दिल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. जोड्या करून बघा. 'लपाछपी' आधी, 'छोरी' नंतर. 'एक्झॉर्सिस्ट' आणि लगेच 'गहराई'. धारपांची 'आजी' वाचा, मग 'तुंबाड'. १९९३ चा मल्याळम 'मणिचित्रताळ' आणि २००७ चा 'भूल भुलैया' : गाणी, विनोद, वाडा तसाच, पण मूळ सिनेमात शोभनाचं आजारपण किती हळुवार उलगडतं ते पाहा. आणि १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', रात्री, घरातल्या मोठ्या माणसांबरोबर. त्यांना विचारा, तेव्हा थिएटरमध्ये नेमकी कशाची भीती वाटली होती.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला : लहान मुलांना भयपट दाखवावेत का?

वय बघून, आणि शेजारी बसून. मुलाला भीती वाटली तर हसू नका आणि "काही नसतं" म्हणून विषय संपवूही नका. त्या भुताला काय हवं होतं, असं त्याला विचारा. त्याला उत्तर सुचलं की त्याची भीती बरीचशी ओसरते, आणि सिनेमा कसा बघायचा तेही तो शिकतो.