'अनाथ' : एका संज्ञेची चिकित्सा

संस्थेत वाढलेल्या मुलामुलींच्या तारुण्याविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक संज्ञा निर्विवाद मानली जाते. ती 'अनाथ' होय. शब्दाची घटना नकारात्मक आहे : नाथ म्हणजे धनी, रक्षणकर्ता, तो ज्यास नाही तो अनाथ. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये पुण्यात काढलेल्या संस्थेचे नाव 'अनाथ बालिकाश्रम' होते, आणि तिच्यात आल्या त्या प्रामुख्याने विधवा. मायबाप हयात असले तरी पती निवर्तलेली स्त्री तेव्हा अनाथ ठरू शकत होती. पुढे अर्थसंकोच होऊन शब्द मायबाप नसलेल्या मुलापुरता उरला. गृहीतकृत्य मात्र तेच राहिले. उणीव रक्षणकर्त्याची आहे, तो संस्थेने पुरविला की प्रश्न मिटला, असे ते गृहीतकृत्य होय.

वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. बालगृहातील अनेक मुलांची आई अथवा वडील हयात असतात. दारिद्र्य, आजार वा घरातील कलह त्यांना तेथे आणतो. बाल न्याय अधिनियम, 2015 हाही अनाथ बालकास काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक मानतो. त्याच अधिनियमाचे कलम 46 अठराव्या वर्षी संस्था सोडणाऱ्यास आर्थिक साह्य देण्याविषयी आहे. परंतु त्याचे वाक्य अनुज्ञार्थी आहे, आज्ञार्थी नव्हे. साह्य देता येईल, दिलेच पाहिजे असे नाही. 2016 च्या आदर्श नियमांनी अनुरक्षणाची मर्यादा 21 व अपवादात्मक परिस्थितीत 23 वर्षांपर्यंत नेली, हे खरे. तरी ज्याच्या पाठीशी घर आहे त्याचे एकविसावे वर्ष कोणी मोजत नाही.

बालपणातील भाषिक हानीविषयी बुखारेस्ट येथील दीर्घकालीन अभ्यास महत्त्वाचा आहे. पंधरा महिन्यांच्या आत संस्थेतून पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांची भाषा समवयस्कांच्या जवळ पोहोचली. दोन वर्षांनंतर गेलेल्यांची फारशी सुधारली नाही. पण रुमानियातील त्या संस्थांचे निष्कर्ष आपल्या बालगृहांवर सरसकट लादणे हा आळशीपणा होय. प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटतो तो नात्यांच्या शब्दांचा प्रश्न. बालगृहात सांभाळणारी बाई 'मावशी' असते. घरातील मावशी जन्मभर मावशीच राहते. येथील मावशीची पाळी बदलते, बदली होते, ती निवृत्त होते. शब्द नात्याचा आणि अर्थ पदाचा, हे द्वैत मूल व्याकरणाच्या कितीतरी आधी शिकते. पुढे तरुणपणी त्याला कोणी आपलेपणाने 'दादा' म्हटले, तर त्या आपलेपणाची मुदत किती, हा संशय त्याच्या मनात येतो. त्यास स्वभावदोष म्हणणारे लेखन उथळ आहे. तो अनुभवातून काढलेला यथायोग्य निष्कर्ष आहे.

कोल्हापुरात हा विषय निघाला की बोर्डिंगांचा दाखला दिला जातो. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने येथे वसतिगृहांची जी परंपरा उभी राहिली (व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1901), तिने असंख्य मुले घडविली. मग संस्थेने नुकसान कसे होईल, असा युक्तिवाद असतो. परंतु बोर्डिंगातला मुलगा सुटीत गावी जात असे. त्याला परतावयास दार होते. संस्था हा त्याच्या घराचा विस्तार होता, घराची जागा नव्हे. दोहोंस एका मापाने मोजणे हा तर्कदोष आहे.

संज्ञेचा एक विरोधाभास तर विलक्षण आहे. तिशीतल्या गृहस्थाचे मायबाप वारले तर त्याला आपण अनाथ म्हणत नाही. मात्र शासनाने 2018 मध्ये अनाथांसाठी 1 टक्का समांतर आरक्षण दिल्यापासून संस्थेत वाढलेल्या तरुणास नोकरीच्या अर्जाबरोबर अनाथ असल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तरतूद आवश्यक आहे, तिला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. पण बालपणी कानांवर पडलेला शब्द प्रौढपणी स्वतःच कागदावर सिद्ध करीत बसणे ही तिची किंमत आहे, आणि ती आपल्या लेखनात कोठेही नोंदलेली आढळत नाही.

प्रस्तुत लेखक राहतो त्या उचगावास शिरोली व गोकुळ शिरगाव या दोन्ही औद्योगिक वसाहती जवळ असल्याने कामगार तरुणांना खोल्या भाड्याने देणे येथे नित्याचे आहे. घरमालक डिपॉझिटचा आकडा नंतर सांगतात. आधी विचारतात, "मूळ गाव कुठलं?" आणि लगेच, "घरी कोण कोण असतं?"